उष्ण कटिबंधीय अरण्यांतील कार्बनचा जमाखर्च : मापनाच्या पद्धती आणि त्यामागील अर्थकारण

उष्ण कटिबंधातील अरण्यांना 'पृथ्वीची फुप्फुसे' म्हणण्याचा प्रघात आहे. हे वर्णन लोकप्रिय असले तरी धोरण आखताना ते पुरेसे ठरत नाही. धोरणकर्त्यांपुढील प्रश्न वेगळा असतो. अरण्य वर्षाकाठी वातावरणातून किती कार्बन घेते, किती परत देते आणि निव्वळ शिल्लक किती उरते? हवामानविषयक करार, त्यांतील उद्दिष्टे आणि वनसंरक्षणासाठी मिळणारा निधी या सर्वांचा पाया या प्रश्नाच्या उत्तरात आहे. ब्राझीलसह आठ देश व फ्रेंच गियाना यांत पसरलेल्या ॲमेझॉन खोऱ्यात या विनिमयाचे मापन अनेक दशके चालू आहे. त्या अनुभवाच्या आधारे मापनाच्या प्रमुख पद्धती, त्यांच्या मर्यादा आणि त्यांचे आर्थिक महत्त्व यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साठा आणि प्रवाह

अर्थशास्त्रात साठा आणि प्रवाह या संकल्पनांत काटेकोर भेद केला जातो. बँकेतील शिल्लक हा साठा, तर वर्षभरातील जमा आणि खर्च हे प्रवाह होत. अरण्यांनाही हाच भेद लागू पडतो. खोड, मुळे, पालापाचोळा, मृत लाकूड आणि माती यांत सामावलेला कार्बन हा साठा आहे. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने होणारे ग्रहण ही जमेची बाजू; वृक्षांचे व मातीतील सूक्ष्मजीवांचे अहोरात्र चालणारे श्वसन ही खर्चाची बाजू. वणवे आणि वृक्षतोड यांमुळे या खर्चात भर पडते.

मध्य ॲमेझॉनमधील मानाउस शहरानजीकच्या अरण्यात एक हेक्टर क्षेत्र वर्षाला सुमारे ३० टन कार्बन ग्रहण करते आणि जवळजवळ तितकाच परत सोडते. निव्वळ शिल्लक म्हणजे दोन मोठ्या संख्यांमधील लहानसा फरक होय. ३० टनांच्या मोजणीत पाच टक्के चूक झाली, तरी ती दीड टन होते. ही चूक मूळ शिल्लकीहून मोठी असू शकते आणि त्यामुळे कार्बन शोषणारे अरण्य कागदोपत्री कार्बन सोडणारे ठरू शकते. अचूक मापनाची निकड यातून स्पष्ट होते.

एककांबाबतही दक्षता आवश्यक आहे. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड (रेणुभाराचे प्रमाण ४४ : १२). काही अहवाल कार्बनमध्ये, तर काही कार्बन डायऑक्साइडमध्ये आकडे देतात. तुलना करण्यापूर्वी ते एकाच एककात आणावे लागतात.

राष्ट्रीय उत्पन्न हे उत्पादन, उत्पन्न व खर्च या तीन पद्धतींनी मोजतात आणि त्यांची उत्तरे परस्परांशी ताडून पाहतात. अरण्यांच्या बाबतीतही अशा चार पद्धती प्रचलित आहेत.

पहिली पद्धत : वृक्षांची पुनर्मोजणी

अरण्यात कायमस्वरूपी भूखंड आखले जातात. त्यांतील १० सेंटिमीटर वा त्याहून अधिक व्यासाच्या प्रत्येक वृक्षावर क्रमांक घालून, सामान्यतः जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर त्याचा व्यास मोजला जातो. काही वर्षांनी हीच मोजणी पुन्हा केली जाते. व्यास, उंची व लाकडाची घनता यांवरून शुष्क वजन काढले जाते. त्याचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. मेलेल्या व नव्या वृक्षांची नोंद होते आणि दोन मोजण्यांतील फरकावरून शिल्लक ठरते.

ॲमेझॉनमधील ३२१ भूखंडांवर आधारित २०१५ मधील अभ्यासातून महत्त्वाची बाब पुढे आली. १९९० च्या दशकाच्या तुलनेत त्यानंतरच्या दशकात तेथील वृक्षांची कार्बन साठवण्याची गती सुमारे एकतृतीयांशाने घटली होती. वाढीचा वेग स्थिरावला होता आणि वृक्षांचा मृत्युदर वाढत होता. आफ्रिकेतील २४४ भूखंडांच्या २०२० मधील अभ्यासात मात्र २०१५ पर्यंतची तीन दशके ही गती टिकून असल्याचे आढळले. ही पद्धत विश्वसनीय असली तरी संथ आहे आणि मातीतील बदल तिच्या कक्षेबाहेर राहतात.

दुसरी पद्धत : मनोऱ्यावरील मापन

वृक्षांच्या शेंड्यांहून उंच मनोरा उभारून त्यावर दोन उपकरणे बसविली जातात. एक उपकरण ध्वनिलहरींच्या साहाय्याने वाऱ्याचा ऊर्ध्व वेग मोजते, तर दुसरे अवरक्त किरणांच्या साहाय्याने हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण. या नोंदी सेकंदाला दहा किंवा अधिक वेळा होतात. वर जाणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांपेक्षा खाली येणाऱ्या भोवऱ्यांत हा वायू अधिक असेल, तर अरण्य तो शोषून घेत आहे. हवेच्या भोवऱ्यांवरून प्रवाह काढण्याच्या या पद्धतीस 'एडी कोव्हेरिअन्स' असे म्हणतात.

ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यात १९९२-९३ मध्ये घेतलेल्या नोंदींवरून हेक्टरी सुमारे एक टन वार्षिक शोषण दिसले. मानाउसनजीक नंतर झालेल्या मापनात हा आकडा सहा टनांच्या घरात गेला. तो खरा मानला, तर वृक्षांच्या पुनर्मोजणीशी त्याचा मेळ बसत नव्हता. या तफावतीचे एक प्रमुख कारण रात्रीच्या शांत हवेत सापडले. वारा पडला की श्वसनातून निघालेला वायू मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत पोहोचत नाही. तो झाडांखाली साचतो किंवा उताराने वाहून जातो. परिणामी दिवसाची जमा नोंदली जाते आणि रात्रीचा खर्च निसटतो.

ब्राझीलच्या पुढाकाराने १९९८ मध्ये सुरू झालेल्या ॲमेझॉनविषयक व्यापक प्रयोगात तापाजोस येथील राष्ट्रीय वनात असे मनोरे उभारण्यात आले. शांत रात्रींची दुरुस्ती केल्यावर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटा होता. ते अरण्य हेक्टरी सुमारे १.३ टन कार्बन वर्षाला सोडत होते. पूर्वी कोसळलेल्या वृक्षांचे मृत लाकूड तेथे कुजत होते. शिवाय कोरड्या ऋतूत शोषण आणि पावसाळ्यात उत्सर्जन, असा तत्कालीन संगणकीय प्रतिमानांच्या अपेक्षेविरुद्ध क्रम दिसला. खोल मुळांमुळे कोरड्या ऋतूतही वृक्षांना पाणी मिळते आणि ऊनही भरपूर असते. पावसाळ्यात मात्र ओलाव्याने कुजण्याचा वेग वाढतो.

सांख्यिकीच्या दृष्टीने यातील धडा मोलाचा आहे. यादृच्छिक चूक नोंदी वाढविल्याने घटते. एकाच दिशेने होणारी पद्धतशीर चूक नोंदी कितीही वाढविल्या तरी कायम राहते. ती उघड होण्यासाठी दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीची जोड लागते.

तिसरी पद्धत : विमानातून हवेचे नमुने

मनोऱ्याचे निरीक्षण साधारणतः आसपासच्या एखाद्या चौरस किलोमीटरपुरते असते. विस्तृत प्रदेशासाठी विमानाचा उपयोग होतो. ॲमेझॉनवर वारे प्रामुख्याने अटलांटिक महासागराकडून येतात. समुद्रावरील हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि अरण्यावरून प्रवास केलेल्या हवेतील कार्बन डायऑक्साइड यांतील फरक म्हणजे वाटेतील भूप्रदेशाचे योगदान. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात मूल्यवृद्धी पद्धतीचे तत्त्व सहज ओळखता येईल. कार्बन मोनॉक्साइडच्या प्रमाणावरून त्यातील वणव्यांचा वाटा वेगळा काढता येतो.

ब्राझीलच्या राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ लुसियाना गाती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळात चार ठिकाणी विमानातून विविध उंचींवरील हवेचे नमुने घेतले. अशा ५९० उड्डाणांच्या नोंदींवर आधारित निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार वणव्यांतून वर्षाला ०.४१ अब्ज टन कार्बन बाहेर पडत होता आणि अरण्य त्यातील केवळ ०.१२ अब्ज टन परत घेत होते. निव्वळ उत्सर्जन ०.२९ अब्ज टन आले. परंतु त्यातील अनिश्चितता अधिक-उणे ०.४० अब्ज टन होती. संपूर्ण खोऱ्याबाबतचा निष्कर्ष म्हणूनच सावधपणे वाचावा लागतो. आग्नेय ॲमेझॉन मात्र निव्वळ कार्बन सोडणारा प्रदेश झाल्याचे या अभ्यासात स्पष्ट झाले. जंगलतोड, वाढते तापमान आणि लांबलेला कोरडा ऋतू यांचा ताण तेथे सर्वाधिक आहे.

चौथी पद्धत : उपग्रह

अमेरिकेने २०१४ मध्ये सोडलेला 'ओसीओ-२' हा उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाशावरून हवेच्या संपूर्ण स्तंभातील कार्बन डायऑक्साइड मोजतो. तीव्र एल निनोच्या २०१५ या वर्षी उष्ण कटिबंधीय भूप्रदेशांनी २०११ च्या तुलनेत सुमारे २.५ अब्ज टन अधिक कार्बन सोडल्याचे त्याच्या साहाय्याने दिसून आले. कारणे मात्र खंडागणिक भिन्न होती. दक्षिण अमेरिकेत दुष्काळाने प्रकाशसंश्लेषण घटले, आफ्रिकेत उष्णतेने श्वसन व कुजणे वाढले, तर आशियात आगींचा वाटा मोठा होता. ढगाळ आकाशाखाली ही पद्धत निरुपयोगी ठरते, ही तिची मोठी मर्यादा आहे.

मापनाचे अर्थकारण

ब्राझीलने २००८ मध्ये ॲमेझॉन निधी स्थापन केला आणि नॉर्वे हा त्याचा प्रमुख दाता ठरला. सुरुवातीच्या वर्षांत त्याचे गणित सोपे ठेवण्यात आले होते. टळलेल्या तोडीच्या प्रत्येक हेक्टरमागे १०० टन कार्बन, म्हणजे सुमारे ३६७ टन कार्बन डायऑक्साइड, आणि प्रतिटन ५ डॉलर असा दर धरला जाई. एका हेक्टरचे मूल्य यावरून सुमारे १,८३५ डॉलर येते. हेक्टरी १०० टन हा आकडा हेतुतः सावध ठेवला होता. तो बदलला की देय रकमेचा हिशेबही त्याच प्रमाणात बदलतो.

या हिशेबात तोडलेले व न तोडलेले क्षेत्र मोजले जाते. उभ्या अरण्याची शोषणशक्ती क्षीण होत असेल, तर ती घट त्यात उमटत नाही. क्षेत्र तेवढेच, साठाही जवळपास तेवढाच, परंतु वार्षिक जमा आटत चाललेली, अशी स्थिती केवळ प्रवाहाच्या मापनातून कळते.

भारताचा संदर्भ

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील वनांचा कार्बनसाठा ७२८.५५ कोटी टन आहे. २०३० पर्यंत २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका अतिरिक्त साठा वने व वृक्ष यांद्वारे निर्माण करण्याचे उद्दिष्ट भारताने २०१५ मध्ये जाहीर केले. २००५ च्या तुलनेत २.२९ अब्ज टनांची भर पडल्याचे हाच अहवाल नमूद करतो. हे सर्व आकडे साठ्याचे आहेत. प्रवाहाच्या मापनासाठीही देशात प्रयत्न झाले आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने आसामातील काझीरंगा येथे आणि भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय कार्बन प्रकल्पाने मध्य प्रदेशातील बैतूलच्या सागवनात मनोरे उभारले. मोसमी ढगांमुळे उपग्रहांची दृष्टी अडते, त्या महिन्यांत अशा मनोऱ्यांचे महत्त्व विशेष वाढते.

समारोप

कोणतीही एक पद्धत अरण्याचा संपूर्ण हिशेब देऊ शकत नाही. पुनर्मोजणी माती सोडते, मनोऱ्यापासून शांत रात्र निसटते, विमानाचे उत्तर मोठ्या अनिश्चिततेसह येते आणि उपग्रहास ढग अडवितात. परंतु एकीची उणीव दुसरी दाखवून देते. निष्कर्ष जुळले नाहीत तेव्हाच रात्रीची चूक सापडली, हे विसरता येणार नाही. वनांच्या कार्बनसाठ्याचे आकडे वाचताना म्हणूनच तीन प्रश्न विचारावेत. आकडा साठ्याचा की प्रवाहाचा? तो कोणत्या पद्धतीने व कोणत्या एककात काढला? त्यातील अनिश्चितता किती? अरण्य पुढेही तितकाच कार्बन शोषत राहील असे गृहीत धरून उत्सर्जनाची मुभा ठरविली आणि ते गृहीत चुकले, तर त्याची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागेल.