पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश व दोन प्रतिद्रव्यांचे औषध

चौसाळा भागात गोठा राखण्यास कुत्रे असतेच. म्हणून ही माहिती कार्यकर्त्यांस हवी. रोगाची लक्षणे उमटल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. लसीमुळे शरीरात प्रतिद्रव्ये तयार होण्यास ७ ते १० दिवस लागतात. तोवर विषाणू रोखण्यासाठी तयार प्रतिद्रव्ये जखमेत व तिच्याभोवती टोचतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या औषधात एकच प्रतिद्रव्य आहे. २०१९ साली भारतात परवानगी मिळालेल्या झायडसच्या 'ट्विनरॅब'मध्ये दोन असून ती विषाणूच्या आवरणावरील निरनिराळ्या जागा पकडतात. एक जागा पालटलेला विषाणू पहिल्यास चुकवील, परंतु दुसऱ्यास सापडेल. ज्वारीत तूर घेणारास हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. चुना, हळद, तिखट जखमेस लावू नये. जखम १५ मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा.