विद्यार्थ्यांची ऑनलाइन अभ्यासिका
प्रश्न : मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. मुलं व्हॉट्सॲपवर आलेल्या नोट्सवरच परीक्षा देतात. त्यांना स्वतःची ऑनलाइन अभ्यासिका कशी उभारून द्यावी?

उत्तर : उभारून देऊ नये, त्यांना उभारू द्यावी.

याचं एक उदाहरण आहे. ऑनलाइन शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००८ साली कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातून घेतलेल्या अभ्यासक्रमात सुमारे २,२०० जण ऑनलाइन सामील झाले. साहित्य एकाच संकेतस्थळावर कोंडलेलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या ब्लॉगवर लिहायचं, इतरांचं वाचायचं, अशी रीत होती.

वनस्पतिशास्त्राला हे सहज जमतं. आवारातला पळस फुलला की विद्यार्थिनीने फांदी, कळी आणि फूल यांचे तीन फोटो काढावेत. खाली तारीख, जागा, मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि स्वतःची दोन वाक्यं लिहावीत. त्याखाली विश्वकोशातल्या नोंदीचा दुवा द्यावा, आणि शेवटी स्वतःला पडलेला एक प्रश्न. अशा वीस नोंदी झाल्या की तिचा संग्रह तयार होतो.

साधनं मोफत आहेत. संदर्भ जपायला झोटेरो हे सॉफ्टवेअर, व्याख्यानांसाठी केंद्र सरकारचं स्वयम हे संकेतस्थळ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांचे श्रेयांक स्वयमवरून मिळवता येतात. आपल्या विद्यापीठाची मान्यता मात्र आधी तपासावी.

सगळ्यांकडे लॅपटॉप नसतो, म्हणून नोंदी मोबाइलवर उघडतील अशाच ठेवाव्यात. संग्रह सार्वजनिक करायचा की खासगी, हे विद्यार्थ्यानेच ठरवावं.

पुढच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकाकडून एकच नोंद करून घ्या आणि ती वर्गात मोठ्याने वाचायला सांगा.