हस्तकलेच्या लहान वस्तूंसाठी घडीची प्रकाशपेटी

सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळ हातात घेतले म्हणजे त्याचा गोलवा, रंगाची चकाकी आणि कारागिराच्या बोटांची सफाई ताबडतोब ध्यानात येते. दूरच्या गावी बसलेल्या ग्राहकाला मात्र ही सोय नाही. त्याच्यापुढे असते ते मोबाइलच्या पडद्यावरील छायाचित्र; आणि त्यावरूनच त्याला वस्तूची पारख करावी लागते. छायाचित्र अंधुक असेल तर हाताने घडविलेली वस्तू आणि साच्यातून काढलेली वस्तू यांतील भेद नाहीसा होतो व कारागिराच्या श्रमाचे मोल घटते.

याहून गंभीर प्रश्न रंगाचा आहे. दशावतारी गंजिफाच्या संचात १० अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पाने असतात. त्यांपैकी काही पानांचे छायाचित्र सकाळी खिडकीशी व काही पानांचे रात्री पिवळ्या दिव्याखाली घेतले, तर एकाच संचातील लाल रंग दोन प्रकारचा दिसतो. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार, वस्तू जाहिरातीत दर्शविलेल्या गुणांशी जुळत नसेल तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. परतीचा हा भुर्दंड लहान कारागिराला पेलणारा नसतो. म्हणून छायाचित्र आकर्षक असण्यापेक्षा खरे असणे अधिक अगत्याचे होय. त्यासाठी घरच्या घरी तयार करता येणारी आणि घडी करून नेता येणारी प्रकाशपेटी उपयोगी पडते.

पेटीची बांधणी

४५ सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद व ५ मिमी जाड अशा सनबोर्डच्या चार फळ्या घ्याव्यात. एक फळी पाठीमागे, दोन बाजूंना व एक वर, अशी रचना असते. पुढची बाजू मोकळी राहते. बाजूंच्या व वरच्या फळीत चोहोकडे ५ सेंमी काठ ठेवून मधला भाग कापून काढावा आणि त्या चौकटीवर पांढरे मलमल किंवा ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवावा.

दोन्ही बाजूंच्या फळ्या मागच्या फळीला आतील अंगाने कापडी चिकटपट्टीने जोडाव्यात. एका सांध्यात फळीच्या जाडीइतकी फट ठेवली, म्हणजे दोन्ही फळ्या एकमेकींवर नीट मिटतात. वरची फळी नुसती टेकवून ठेवावी. मिटलेली पेटी कापडी पिशवीत मावते व प्रदर्शनाच्या ठिकाणीही सहज नेता येते.

सुमारे ४३ सेंमी रुंद व ७० सेंमी लांब पांढरा जाड कागद मागच्या फळीवर ३५ सेंमी उंचीवर चिकटवून तळावर पुढेपर्यंत पसरावा. त्याला घडी न घालता सैल बाक द्यावा. त्यामुळे भिंत व जमीन यांच्यामधील रेषा दिसत नाही आणि दृष्टी वस्तूवरच स्थिर राहते.

प्रकाशयोजना

मलमलीतून येणारा प्रकाश पसरतो आणि सावल्यांच्या कडा मऊ होतात. एकाच बनावटीचे, एकाच क्षमतेचे दोन पांढरे एलईडी दिवे पेटीच्या दोन बाजूंना, बाहेर सुमारे ३० सेंमी अंतरावर ठेवावेत. वेष्टनावर रंगदर्शन निर्देशांक छापलेला असल्यास तो ९० किंवा अधिक असावा. एक दिवा किंचित दूर सारला, म्हणजे हलकी सावली पडून वस्तूची गोलाई कळते. अंतर दुप्पट केल्यास प्रकाश सुमारे एकचतुर्थांश होतो, हे लक्षात ठेवावे. खोलीतील इतर दिवे बंद करून खिडकीवर पडदा ओढावा. हॅलोजनचे दिवे फार तापतात. कागद व कापड यांच्याजवळ ते वापरू नयेत.

वीज नसेल तेव्हा थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी पेटी ठेवावी. खिडकीकडील बाजूने प्रकाश घ्यावा व विरुद्ध बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करून तो वस्तूवर परतवावा.

छायाचित्र घेताना

मोबाइलचे भिंग स्वच्छ पुसावे. मोबाइल स्टँडवर किंवा विटांच्या आधाराने वस्तूपासून सुमारे ५० सेंमी अंतरावर ठेवावा. फार जवळ गेल्यास वस्तूचा पुढचा भाग अवास्तव मोठा दिसतो. त्यापेक्षा दुरून चित्र घेऊन कडा छाटणे बरे. फ्लॅश बंद असावा. हात हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. पांढऱ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा फसतो व चित्र करडे येते. म्हणून उजळपणा थोडा वाढवावा, परंतु नक्षी पुसट होण्यापूर्वी थांबावे.

हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांसारख्या चकचकीत वस्तूंचा प्रश्न निराळा आहे. चहूकडचा पांढरा रंग त्यांत उमटून त्यांच्या कडा हरवतात. वस्तूच्या दोन्ही बाजूंस, चित्राच्या चौकटीबाहेर, काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्यास कडा ठळक होतात.

प्रत्येक वस्तूची किमान चार छायाचित्रे घ्यावीत: समोरून, मागून, नक्षी जवळून व मोजपट्टीसह. अखेरीस पडद्यावरील चित्र आणि मूळ वस्तू दिवसाच्या उजेडात शेजारी धरून रंग ताडून पाहावा. रंग खुलविणारी साधने वापरू नयेत. हातकामातील लहानसा फरक झाकण्याऐवजी तो दाखविणेच हिताचे; तो हातकामाची खूणच असतो.

गावाची सामाईक पेटी

प्रत्येक कारागिराने स्वतंत्र पेटी करण्याची आवश्यकता नाही. शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला विद्यार्थी ती सहज तयार करू शकतील; मोजमाप, प्रकाश व रंग यांचा पाठही त्यातून मिळेल. २०११ मध्ये सुरू झालेल्या 'उमेद' अभियानातील स्वयंसहायता गटांसाठी ग्रामपंचायतीने अशी एक पेटी व दोन दिवे कार्यालयात ठेवले आणि ते नेण्या-आणण्याची नोंदवही घातली, तर गटातील कोणत्याही भगिनीस आपल्या वस्तूचे खरे रूप दूरच्या ग्राहकापुढे मांडता येईल. कौशल्य गावात आहेच. ते जसे आहे तसे दिसावे, एवढीच व्यवस्था करावयाची आहे.