चौथा पाय

हनुवटीवरच्या खुणेबद्दल कोणी विचारलं की मी ‘क्रिकेट’ म्हणून मोकळा होतो. खरं कारण एक झाकण आहे, आणि ते सांगायला बसलो की समोरच्याचा चहा थंड होतो. तरी एकदा नीट लिहून ठेवतो. जीपमागे ट्रॉली लावून कातळाच्या सड्यावर मुक्कामाला जायचं वेड आता रत्नागिरीत वाढत चाललंय, आणि परवा एक मुलगा माझ्याकडे झाकणाची मापं मागायला आला होता.

माझी ट्रॉली म्हणजे जनरेटर ओढायची एका आसाची जुनी गाडी. चुलतभाऊ आणि मी ती भंगाराच्या भावात घेतली, पण कागदांसकट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 प्रमाणे ट्रेलरलाही नोंदणी लागते. सांगाडा, आस असलं काही बदलणार असाल तर आधी परिवहन कार्यालयात विचारा. गाडीच्या सांगाड्यावर आम्ही दोन मीटर लांब आणि एक मीटर वीस सेंटिमीटर रुंद अशी पेटी चढवली. आत चूल, भांडी, अंथरुणं. वरती लांबीच्या बाजूला बिजागरी असलेलं, डिकीसारखं उघडणारं झाकण. मिरजोळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात ते बनलं. मिस्त्री कामाचा पक्का होता. गुण्या लावून, टाके मारून, कोपरा ते कोपरा मोजून त्याने झाकण असं बसवलं की चारी बाजूंनी फट दीड मिलिमीटर. मी खुशीत फोटो काढले. चूक त्या दीड मिलिमीटरमध्ये होती, आणि हट्ट माझा होता. मिस्त्री म्हणालाही होता, “भाऊ, जरा सैल ठेवू या.” मी ठेवू दिलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही जयगडच्या वाटेवरच्या सड्यावर गेलो. पहिल्या पावसाने कातळ काळा झालेला, खळग्यांतून पाणी साचलेलं. ट्रॉली उभी केली आणि चार कोपऱ्यांचे जॅक खाली सोडले. तीन टेकले, चौथा खळग्यावर अधांतरी. मी त्याखाली जांभ्याचा चिरा सरकवला आणि डुगडुग थांबेपर्यंत जॅक पिळला. मग झाकणाची कडी उघडली, तर झाकण हलेना. एव्हाना पाऊस सुरू झाला होता. भावाने टॉमी आणली. एका कोपऱ्यात घालून मी जोर लावला, झाकण हातभर वर आलं आणि पुढे ते माझं राहिलं नाही. झाकण उचलायला लावलेल्या गॅसच्या शॉकरनी ते जे भिरकावलं, त्याची कड थेट हनुवटीला. सहा टाके पडले. वेल्डिंगचे नव्हेत.

घरी आल्यावर आठ दिवस तोंड बंद ठेवून विचार करायला सवड मिळाली.

तिपाई कधी डगमगत नाही, हे आपण लहानपणापासून पाहतो. ट्रॉलीही जीपला जोडलेली असताना तिपाईच असते. दोन चाकं आणि पुढचा हूक. रस्ता कितीही वाकडा असू दे, सांगाडा एका अंगाला कलतो, फारसा पिळवटत नाही. मुक्कामाला आपण कोपऱ्यांचे जॅक लावतो आणि तिपाईचं चार पायांचं टेबल करतो. जमीन सपाट असली तर ठीक. सड्यावर जमीन सपाट नसतेच. मग चौथा पाय पिळला की सांगाड्याचा तो कोपरा उचलला जातो. वरून उघडी पेटी म्हणजे झाकण काढलेला बुटाचा खोका. दोन हातांनी पिळून पाहा, कसा सहज वळतो. वर झाकण असतं ताठ. खाली खोका वळला, झाकण वळलं नाही, की फट एका कोपऱ्यात संपते आणि कडी जाम होते. भरीला मी अख्ख्या लांबीची पियानो बिजागरी लावली होती. तिची दोन मीटरची सळी अशा वेळी जरा वाकते आणि चोंदते.

म्हणून पहिली गोष्ट. झाकण गाळ्याच्या सपाट फरशीवर जमवून पैसे चुकते करू नका. पेटी भरा, एका कोपऱ्याच्या जॅकखाली चिरा ठेवा, मुद्दाम जास्त पिळा आणि मग झाकण उघडून-लावून पाहा. पेटी किती पिळली हे कळायला दोन सुतळ्या पुरतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांत फुलीसारख्या ताणा. मध्यावर दोन्ही एकमेकींना नुसत्या टेकल्या तर पेटी सपाट. मधे 7 मिलिमीटर अंतर दिसलं तर एक कोपरा 14 मिलिमीटर उचललाय, कारण मधलं अंतर कोपऱ्याच्या निम्मं असतं. माझ्या ट्रॉलीत सुतळ्यांमधून करंगळी जात होती. अशा ठिकाणी दीड मिलिमीटरची फट काय करणार?

दुसऱ्या वेळी मी पेटीच्या तोंडाला 40 मिलिमीटरचा स्क्वेअर पाइप फिरवला, फट 5 मिलिमीटर ठेवली आणि पियानो बिजागरीऐवजी जाड सळीच्या दोन सुट्या बिजागऱ्या लावल्या. त्यातल्या एकीची भोकं जरा लांबट. कड्या ताणून घट्ट होणाऱ्या. आणि जॅक आता टेकण्यापुरतेच लावतो, उचलायला नाही.

शॉकरचा हिशेब मी केलाच नव्हता. दुकानदाराला म्हटलं, दमदार द्या, आणि त्याने 1000 न्यूटनचे दोन दिले. हिशेब शाळेतल्या तराजूचा आहे. माझं झाकण 1.6 मिलिमीटर पत्रा आणि 25 मिलिमीटर स्क्वेअर पाइप मिळून 48 किलोंचं होतं. अर्धं उघडलं असताना त्याचा मध्य बिजागरीपासून आडव्या रेषेत 42 सेंटिमीटरवर येतो. 48 गुणिले 42 म्हणजे 2016. शॉकरच्या रेषेपासून बिजागरीचं काटकोनातलं अंतर माझ्याकडे 22 सेंटिमीटर. भागलं की 92 किलो, दोघांत वाटले की प्रत्येकी 46. एक किलो म्हणजे ढोबळमानाने 10 न्यूटन. म्हणजे 500 न्यूटनचा शॉकर भरपूर झाला. मी दुप्पट लावला होता. झाकणावर पाण्याचा कॅन किंवा टपावरचा तंबू ठेवणार असाल तर तो वजनात धरा, पण मग रिकाम्या झाकणाला तेच शॉकर जास्त होतील हेही धरा. शॉकरची दांडी खालच्या बाजूला ठेवून बसवा, आतलं तेल सीलवर राहतं. आणि शॉकरच्या भरवशावर झाकणाखाली डोकं घालू नका. पाइपचा एक टेकू हवाच.

वारा हे वेगळं प्रकरण. उघडं झाकण म्हणजे जवळजवळ अडीच चौरस मीटरचं शीड. ताशी 40 किलोमीटरचा वारा त्यावर वीस किलोच्या आसपास दाब देतो. सड्यावर पावसाळी वारा नैऋत्येकडून सलग येतो, तेव्हा ट्रॉलीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा, म्हणजे वारा झाकणाच्या अंगावरून सरकून जातो.

आता पाणी. तीन मीटरच्यावर पाऊस पडणाऱ्या गावात जन्मून मी पाणी रबराने अडवायला निघालो, याची लाज वाटते. आमच्या जुन्या घराला एक इंचही रबर नाही. कौलं एकमेकांवर चढलेली, पागोळ्या भिंतीपासून दूर पडलेल्या. मिरकरवाड्याला जाऊन मच्छीमार बोटींच्या बर्फाच्या खणांची झाकणं पाहा. तोंडाला उभी कड असते आणि झाकण टोपीसारखं तिच्या बाहेरून खाली उतरतं. पाणी वर चढून आत येऊ शकत नाही, एवढीच युक्ती. मी मात्र सपाट कडेवर रबराची बीडिंग चिकटवली होती. बिजागरीच्या बाजूने पाणी आत गेलं आणि अंथरुणं वाफाळली. नव्या झाकणाला 50 मिलिमीटरची कड खाली उतरवली, बिजागरीवर रबराची पट्टी पाखीसारखी टाकली. बीडिंग आहे, पण धूळ अडवायला. तळाला दोन बुचं ठेवली, ही कल्पना उसनी आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीज जीपमागे जो पाव टनी ट्रेलर असायचा, त्याच्या तळाला पाणी सोडायची बुचं होती आणि वर होती नुसती ताडपत्री. ताडपत्रीला पिळाचं काय सोयरसुतक!

गंजाबद्दल थोडक्यात. पत्रा आणि पाइप जिथे एकमेकांना चिकटतात त्या सांधीत खारं पाणी शिरतं आणि रंग तिथवर पोचत नाही. म्हणून पत्रा वेल्ड करण्याआधी दोघांच्या मधे प्राइमर लावा, बाकी सांधा सीलंटने बुजवा. सलग वेल्ड मारला तर पातळ पत्रा पोक काढतो. इंचभर मारा, चार इंच सोडा, समोरच्या बाजूला जा. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरलात तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढा, त्याच्या धुराने रात्री ताप येतो. अॅल्युमिनियमचं झाकण हलकं होतं, पण लोखंडाला थेट टेकवलं तर खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमच आधी खाल्लं जातं. मधे रबर किंवा प्लास्टिकची पट्टी घाला. स्टेनलेसच्या 304 बिजागऱ्यांवरही भाट्ये किनाऱ्यावर एका मोसमात तपकिरी डाग आले. चालतात, पण दिसतात. 316 घेतलं असतं तर बरं, पण पैसे हनुवटीवर गेले होते.

नवं झाकण दोन पावसाळे टिकलंय. उजव्या मागच्या कोपऱ्यात झडीच्या पावसात अजून वाटीभर पाणी येतं, कुठून ते सापडलेलं नाही. मिस्त्री म्हणतो, खोला, पुन्हा करतो. बायको म्हणते, राहू दे. त्या कोपऱ्यात आता नारळ ठेवतो.