कान्हेरीची वनप्रदक्षिणा : वाटेचे दान, पाण्याचे दान

स्तूप उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती चालणे म्हणजे प्रदक्षिणा. कान्हेरीला अशा दोन प्रदक्षिणा घडतात. लहान प्रदक्षिणा तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, स्तंभांमागील अरुंद मार्गाने होते. मोठी होते संपूर्ण डोंगराभोवती, अरण्यातून. बहुतेक मंडळी पहिली करून परततात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरीही केली पाहिजे.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील हा डोंगर शिलालेखांत ‘कण्हसेल’ म्हणजे कृष्णशैल या नावाने येतो. येथे शंभराहून अधिक लेणी असून इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे हजार वर्षे भिक्खुसंघ येथे नांदला. चैत्यगृहाचे काम यज्ञश्री सातकर्णीच्या काळी, दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास झाले. राजाच्या नावाने काळ ठरतो. परंतु खर्च उचलला तो व्यापारी बंधूंनी.

चैत्यगृहापासून ओढ्याच्या काठाने, खडकात कोरलेल्या पायऱ्यांनी वर चढावे. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या दाराशी पाण्याचे टाके दिसेल. पावसाचे पाणी खडकातील पन्हळींनी खेळवून त्यांत साठविले जाई. डोंगरमाथ्यावर उन्हाळाभर राहण्याची सोय त्यामुळेच झाली. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि दानाला ‘देयधम्म’. ही दाने कोणाची? एक टाके सोपाऱ्याच्या मणिकाराचे, एक कल्याणच्या सुवर्णकाराचे. काही लेणी भिक्खुणींनी दिलेली आहेत. आणि कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने चक्क वाट दान केली. लेखात तिला ‘पाथ’ असा शब्द आहे.

या लोहारापाशी विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. पाठ्यपुस्तकात राजे असतात, लढाया असतात. छिन्नी-हातोडी घडविणारा माणूस सहसा नसतो. कान्हेरीच्या खडकाने मात्र त्याचे नाव, गाव आणि धंदा तिन्ही जपले आहेत. संघाला दान देताना आपला व्यवसाय सांगण्याची त्याला लाज वाटली नाही, आणि संघालाही ते दान स्वीकारण्यात कमीपणा वाटला नाही. यावरून त्या काळी समाजात उच्चनीचता नव्हतीच, असा निष्कर्ष मात्र काढू नये. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच म्हणावे. कष्टकऱ्याचे दान आणि नाव येथे सन्मानाने कोरले गेले, एवढे निश्चित. याच कोकणात पुढे माणसाला पाण्याला शिवण्याचीही बंदी झाली आणि ती मोडण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. पोढी आणि चवदार तळे या दोन पाणवठ्यांमधील अंतर समजणे म्हणजेच आपला इतिहास समजणे होय.

माथ्यावर पोहोचल्यावर चहूकडे अरण्य आणि त्यापलीकडे मुंबईची दाट वस्ती दिसते. परतीच्या वाटेवर, लांबच लांब कातळकपारीखाली, विटांच्या लहान स्तूपांचे अवशेष आहेत. येथे दिवंगत भिक्खूंचे अस्थिअवशेष ठेवीत. तेथे आवाज खाली यावा, पादत्राणे दूर राहावीत, हे मुलांना सांगावे लागत नाही. मोठ्यांनी आधी तसे वागले म्हणजे पुरते.

सुट्टीच्या दिवशी मात्र याच भिंतींवर खडूने, खिळ्याने लिहिलेली नावे दिसतात. नंदानेही नाव मागे ठेवले, पण वाट देऊन. आपले काही न देता दुसऱ्याच्या दानावर नाव ओरबाडणे हा त्या दात्याचा अवमान आहे. झिजलेले एक अक्षर गेले तर एका माणसाची आठवण कायमची जाते. म्हणून सहलीस निघालेल्या पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी प्लास्टिक परत आणावे, टाक्यात काही टाकू नये आणि लेखांना हात लावू नये. हा बिबट्याचा अधिवास आहे. नेमलेली वाट सोडू नये आणि सायंकाळच्या आत उतरावे.

अभ्यासासाठी :
१. तुमच्या गावातील सर्वांत जुना पाणवठा कोणी बांधला? त्यावर पूर्वी कोणाला पाणी भरता येत नसे? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
२. आपल्या वसतिगृहाची भिंत, विहीर, वाट कोणाच्या श्रमातून उभी राहिली, त्यांची नावे व व्यवसाय यांची यादी करा.
३. त्या यादीत स्त्रियांची नावे किती? कमी असल्यास, ती का नोंदली गेली नसावीत?