शोभेची दारू

छत्रपती संभाजीनगर शहराच्या मध्यवस्तीत औरंगपुरा नावाचा भाग आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या मैदानावर दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांचा बाजार भरत असे. २०१६ साली, शहर औरंगाबाद या नावाने ओळखले जात होते तेव्हा, २९ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. अभ्यंगस्नाने आणि फराळ आटोपून लोक बाजाराकडे निघाले होते. अशा वेळी, भर दिवसा, त्या मैदानावर आग लागली. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात ती पाहता पाहता पसरली. बाण वाटेल त्या दिशेने सुटू लागले, माळा आपोआप तडतडू लागल्या, आणि धुराचा काळा लोट दूरवरून दिसू लागला. माणसे जिवाच्या आकांताने मैदानाबाहेर धावली. शंभरांहून अधिक दुकाने आणि जवळ उभी असलेली कित्येक वाहने जळून गेली. वर्षभरात एकदाच होणाऱ्या या धंद्यासाठी ज्यांनी उसनवार करून माल भरला होता, त्यांच्यापुढे सणाच्या दिवशी राख उरली.

ही आग इतक्या वेगाने का पसरली, हे समजण्यासाठी फटाक्याच्या पोटात काय असते ते पाहिले पाहिजे. आपल्या भाषेत फटाक्यांना ‘शोभेची दारू’ असे जुने नाव आहे. हा शब्द ऐकून कोणी हसू नये. ‘दारूगोळा’ या शब्दातली जी दारू, तीच ही. सोरा, गंधक आणि कोळसा या तीन पदार्थांची पूड योग्य प्रमाणात मिसळली की ती तयार होते. गंधक व कोळसा हे जळणारे पदार्थ आहेत, आणि जळण्यास लागणारा प्राणवायू सोऱ्यातून मिळतो. चुलीतील लाकडावर राख किंवा माती टाकली तर हवा तुटते आणि विस्तव विझतो. दारू मात्र आपला प्राणवायू आपल्याबरोबरच बाळगते, म्हणून ती दडपून विझवता येत नाही. एकदा पेटली की ती संपेपर्यंत जळते. अग्निशामक दलाने कितीही त्वरा केली, तरी पेटलेला साठा वाचवणे जवळजवळ अशक्य असते. शेजारचे तेवढे वाचवता येते.

याच कारणासाठी २००८ च्या स्फोटकविषयक नियमांत दिवाळीच्या तात्पुरत्या दुकानांबद्दल बारीकसारीक अटी घातलेल्या आहेत. दुकान न जळणाऱ्या वस्तूंचे असावे. दोन दुकानांत निदान तीन मीटर अंतर असावे. दुकाने समोरासमोर तोंडे करून नसावीत. आत तेलाचा दिवा किंवा उघडी ज्योत नसावी. आणि एका समूहात पन्नासांहून अधिक दुकाने नसावीत. या अटी कोणाला जाचक वाटतील. परंतु तीन मीटरांची मोकळी जागा म्हणजे काय, हे आग लागल्यावरच कळते.

आग विझली आणि शहरात वाद पेटला. फटाक्यांचा बाजार वस्तीत असावा काय, हा पहिला प्रश्न. त्यातून लगेच दुसरा निघाला : मुळात फटाके असावेत काय? ‘बंद करा’ म्हणणारे होते, तसे ‘फटाक्यांवाचून दिवाळी ती कसली?’ असे विचारणारेही होते. हा दुसरा पक्ष परंपरेचा आधार घेतो. तो आधार किती जुना आहे, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील शोभेच्या दारूचा इतिहास धुंडाळला होता. इ. स. १४०० च्या सुमारापासून तिच्या वापराचे पुरावे त्यांनी गोळा केले. त्यांत याच जिल्ह्यातील पैठणच्या संत एकनाथांचाही एक पुरावा आहे. सोळाव्या शतकात रचलेल्या त्यांच्या ‘रुक्मिणीस्वयंवर’ काव्यात श्रीकृष्णाच्या लग्नसोहळ्यात शोभेच्या दारूचे वर्णन येते. तेव्हा दारूकाम आपल्याकडे काल-परवा आले, असे कोणाला म्हणता येणार नाही. पण दिवाळीतली पणती दारूपेक्षा कितीतरी जुनी आहे, हेही तितकेच खरे.

पेशव्यांच्या बखरीत या संबंधी एक सुंदर हकिगत आहे. महादजी शिंदे यांनी सवाई माधवराव पेशव्यांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन करून सांगितले. कोट्याचा राजा राजधानीच्या बाहेर ‘दारूची लंका’ उभारी. रावण, राक्षस, वानर आणि भला थोरला हनुमान, सारे दारूचे. हनुमानाच्या शेपटीस बत्ती दिली की तो उड्डाण करून लंका जाळीत सुटे. हे ऐकून बालपेशव्यांस उत्कंठा लागली, आणि पुण्यातही पर्वतीच्या पायथ्याशी तसाच देखावा करविण्यात आला.

या हकिगतीत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. कोट्याची लंका राजधानीच्या बाहेर जळत होती, आणि पुण्याची पर्वतीच्या पायथ्याशी. दारूकाम कसबी कारागिरांच्या हाती होते, आणि पाहणारे लांब उभे होते. आज तीच दारू पुड्यात बांधून दुकानात येते, दुकानातून घरात येते, आणि लहान मुलाच्या हातात पडते. गल्ली आठ हात रुंद, दोन्ही बाजूंना चार मजली घरे, खाली वाहने लावलेली, वर कपडे वाळत घातलेले, आणि मधोमध सुतळी बॉम्ब! परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपरेतले हे अंतरही मोजावयास हवे.

आवाज कुंपण जाणत नाही. फटाका एकाच्या अंगणात फुटतो आणि आवाज शेजारच्या खोलीतल्या रुग्णाच्या उशाशी जातो. कायद्याप्रमाणे, फुटण्याच्या जागेपासून चार मीटरांवर १२५ डेसिबलांपेक्षा मोठा आवाज करणारे फटाके बनवण्यास व विकण्यास मनाई आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवार शंभर मीटरांपर्यंत शांतता क्षेत्र मानले जाते. तेथे फटाके उडविता येत नाहीत. धुराची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्यातले काही कण इतके बारीक असतात की माणसाच्या केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण सहज मावतील. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसांत उतरतात. दमा असलेल्या मुलाला दिवाळीच्या रात्री खिडक्या लावून बसावे लागते, ते यामुळेच. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, तेव्हा हवा सुधारण्याची गरज असलेल्या महाराष्ट्रातील शहरांत या शहराचेही नाव होते. येथली हवा वर्षभर बिघडण्यास वाहने, धूळ व जाळलेला कचरा ही कारणे आहेतच. म्हणून ‘दोन दिवसांच्या फटाक्यांनाच दोष का?’ असे विक्रेते विचारतात, आणि त्यांचे हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण आधीच भरलेल्या घागरीत आणखी तांब्याभर पाणी ओतले, तर ते बाहेर सांडणारच.

विक्रेत्यांची बाजू एवढ्यावर संपत नाही. तात्पुरते दुकान मांडणारा माणूस बहुधा लहान व्यापारी असतो. त्याने रीतसर परवाना घेतलेला असतो आणि भाडे भरलेले असते. त्याच्यामागे तामिळनाडूतील शिवकाशी हे गाव आहे. देशातील बहुतेक फटाके तेथे होतात, आणि हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. ऐन दिवाळीच्या तोंडावर बंदी आली तर भरलेल्या मालाचे काय करायचे, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. यावर बंदीवाले म्हणतात, ‘मग बंदी आधी सांगा; पण सांगा.’

न्यायालयांनी या वादात हळूहळू रेषा आखल्या. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली. २०१५ साली दिल्लीतील तीन तान्ह्या बालकांच्या नावाने त्यांच्या पालकांनी त्याच न्यायालयात अर्ज केला. स्वच्छ हवेत श्वास घेण्याचा आमचा हक्क राखा, एवढेच त्यांचे मागणे होते. ज्यांना अजून बोलता येत नव्हते, अशांचे गाऱ्हाणे देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने ऐकले. औरंगपुऱ्यातील आगीनंतर वर्षभराने, ऑक्टोबर २०१७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने निवासी वस्तीत फटाके विकण्यास मनाई केली. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी त्या बालकांच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदी नाकारली. मात्र दिवाळीत रात्री आठ ते दहा या दोनच तासांची मुभा ठेवली आणि कमी प्रदूषण करणारे ‘हरित’ फटाकेच विकावेत असे सांगितले. असे फटाके नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तयार केले. त्यांत हिरवा प्रकाश देणारे बेरियमचे क्षार नसतात आणि धुरातील कण निदान ३० टक्क्यांनी कमी होतात. नीट वाचले तर ध्यानात येईल की उरलेला धूर उरतोच.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तर कायद्याची वाट पाहत बसले नाहीत. शाळाशाळांतून जाऊन त्यांनी फटाकेमुक्त दिवाळीचे संकल्प मुलांकडून लिहून घेतले आणि वाचलेल्या पैशांतून पुस्तके घ्या, असे सुचविले. काही मुलांनी संकल्प पाळला, काहींनी भाऊबीजेपर्यंत कसाबसा पाळला असेल. फुलबाजीच्या चांदण्या पाहून ज्याचे मन हलले नाही असे मूल विरळाच.

आश्विन लागला की संभाजीनगरात हा विषय पुन्हा निघतो. दुकाने कोणत्या मैदानावर उभारावीत, वस्तीपासून किती दूर, किती अंतरावर? महापालिका, पोलीस आणि विक्रेते पुन्हा नकाशा पसरून बसतात. आणि एखाद्या मोकळ्या मैदानावर सगळ्या शहराने मिळून एकच मोठे दारूकाम करावे, बाकीच्यांनी ते दुरून पाहावे, अशी सूचनाही अधूनमधून कोणीतरी मांडतो. तसे सुचविणाऱ्यास दारूच्या लंकेची हकिगत बहुधा ठाऊक नसते.