प्लॉटर नेटवर्कवर जोडताना पैसे कुठे जातात

आर्किटेक्ट किंवा सिव्हिल इंजिनिअरच्या छोट्या ऑफिसात प्लॉटर घ्यायचं ठरलं की सगळी घासाघीस यंत्राच्या किमतीवर होते. 24 इंची साधा प्लॉटर लाखाच्या आसपास पडतो, 36 इंची घेतला की आकडा दीड-दोन लाखांच्या घरात जातो. कोटेशनमध्ये 18 टक्के जीएसटी धरलाय की वर लागणार, तेही विचारावं. पण खिसा हलका होतो तो यानंतर.

जोडणी स्वतःच महाग नाही. कॅट-6 केबल मीटरला साधारण 20-30 रुपये पडते आणि सलग 100 मीटरपर्यंत चालते. प्लॉटर वायफायवरही चालतो, पण जड पीडीएफ पाठवली की रखडतो. एकदा ठेवलेलं यंत्र जागचं हलत नाही, तेव्हा त्याला केबलच द्यावी.

पैसे वाया जातात ते ‘प्लॉटर ऑफलाइन दाखवतोय’ म्हणून पुन्हा पुन्हा बोलावलेल्या माणसावर. दर खेपेला व्हिजिट चार्ज, आणि दोष बहुतेक वेळा एकच. वीज जाऊन आली, राउटरने प्लॉटरला नवा आयपी पत्ता दिला, कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर फाइल पाठवत बसला. उपाय फुकट आहे. राउटरमध्ये प्लॉटरच्या मॅक पत्त्यापुढे एक आयपी कायमचा राखून ठेवायचा. कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर टाकायचा. मग विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘पोर्ट्स’मध्ये स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट जोडून तोच पत्ता भरायचा. विंडोज कधी कधी आपणहून डब्ल्यूएसडी पोर्ट लावते, त्यावर विसंबू नये. हे सगळं डोळ्यांसमोर करून घेतल्याशिवाय इन्स्टॉलेशनच्या कागदावर सही करू नका.

कागदाचा हिशेब सोपा आहे. 24 इंची रोलवर ए-1 शीटला 841 मिलिमीटर लांबी लागते, म्हणजे 50 मीटरच्या रोलमधून 59 शीट. 36 इंची रोलवर तीच शीट आडवी बसते, 594 मिलिमीटरमध्ये भागतं आणि 84 निघतात. समास आणि वाया गेलेला कागद धरून दोन-चार कमीच समजा. रोलची किंमत या आकड्याने भागली की शीटमागे कागद केवढ्याला पडतो ते कळतं. ए-0 मात्र 24 इंचीवर निघतच नाही. महिन्यातून एखादीच ए-0 लागत असेल तर ती बाहेरून काढून आणणं परवडतं.

शाईचा भाव कार्ट्रिजवर नाही, मिलिलिटरवर ताडून बघावा. एचपीच्या डिझाइनजेट टी250, टी630 आणि टी650 या मॉडेलांना 712 क्रमांकाची कार्ट्रिज चालतात. त्यात काळी 38 आणि 80 मिलिलिटरची येते, रंगीत 29 ची. प्रिंटहेडची किंमत वेगळी, तीही खरेदीआधीच लिहून घ्या. रात्री मेन स्विच बंद करायची सवय असेल तर मोडा. यंत्र स्लीपमध्ये राहू द्यावं, नाहीतर हेडमध्ये शाई वाळते आणि साफसफाईत आणखी शाई जाते.

शेवटी टेस्ट पेजवर समाधान मानू नका. ऑटोकॅडमधून तुमचाच एखादा प्लॅन 1:100 वर काढा आणि 10 मीटरची भिंत कागदावर 10 सेंटिमीटर भरते का ते पट्टीने मोजा. भरली नाही तर बहुधा ‘फिट टू पेपर’ चालू राहिलेलं असतं. तंत्रज्ञ ऑफिसात असतानाच ते बंद करून घ्या.